न जेवणारं सैन्य

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. सातारा

आक्काच्या मुलाला 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ हवा आहे. वय दहा, इयत्ता पाचवी. पुण्याच्या चुलतभावानं गणपतीच्या सुट्टीत तो दाखवल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आक्काचा प्रश्न सरळ आहे : "लढाईचा खेळ आहे. याचा बाप मिलिटरीत. द्यायचा का नाही, तू सांग." मी हायस्कुलात इतिहास शिकवते म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटलं, आधी मी खेळणार, मग सांगणार. न वाचलेलं पुस्तक मी मुलांच्या हाती देत नाही आणि न वाचता काढूनही घेत नाही. खेळाला वेगळा न्याय कशाला?

दाजी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी रजेवर येतील. तोवर माझं मत तयार हवं, असं आक्काचं म्हणणं. बघू.

१४ ऑक्टोबर

रात्री उशिरापर्यंत खेळले. खेळ १९९९ सालचा. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजनं बनवलेला, मायक्रोसॉफ्टनं बाजारात आणलेला. २०१९मध्ये तो नव्यानं सजवून पुन्हा आला, भाच्याला हवा आहे तो हाच. सुरुवातीला पडद्यावर गावाची मुख्य इमारत, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या. बाकी मुलूख काळा. टेहळ्या जसजसा फिरतो तसतसा प्रदेश उजळतो : कुठे मेंढरं, कुठे बोरांसारखी झुडपं, कुठे रानडुक्कर, सोन्याची खाण. संपत्ती चारच प्रकारची : अन्न, लाकूड, सोनं आणि दगड. पन्नास अन्न दिलं की एक नवा गावकरी तयार होतो. घर बांधलं की आणखी पाच माणसं राहू शकतात. लाकूडतोडे किती, शेतावर किती, खाणीवर किती, हे सतत ठरवावं लागतं. लढाई बरीच पुढे येते.

हे मनापासून आवडलं. पहिला पाव तास हा संसार उभा करण्याचा खेळ आहे. आज शिपाई हवेत की उद्यासाठी शेत हवं, हा प्रश्न तो दर मिनिटाला विचारतो आणि उत्तर चुकलं तर दहा मिनिटांनी त्याची किंमत वसूल करतो. दहा वर्षांच्या मुलाला पुढचा विचार करायला लावणाऱ्या गोष्टी किती असतात? बुद्धिबळ आहे, आणि हा आहे. बुद्धिबळही लढाईचाच खेळ. पायदळ, हत्ती, घोडा, रथ घेऊन आपल्याच देशातून निघाला आणि जगभर गेला. तो मुलांना द्यावा की नाही, असं कुणी विचारत नाही.

पडद्यावर रक्त नावालाच आहे. माणूस पडतो, थोड्या वेळानं तिथं हाडं दिसतात, मग तीही नाहीशी होतात.

१५ ऑक्टोबर

वयाचे शिक्के पाहिले. अमेरिकेच्या ईएसआरबीनं या खेळाला 'टीन' म्हटलंय, म्हणजे तेरापासून पुढे. युरोपच्या पेगीचा आकडा १२. भाचा दोन्हीकडे नापास.

पण हे आकडे येतात कुठून? ईएसआरबीची स्थापना १९९४ची. त्याआधीच्या वर्षी 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या खेळांतला रक्तपात पाहून अमेरिकी सेनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि सरकारनं कायदा करण्याआधी उद्योगानंच आपलं मंडळ उभं केलं. त्यामुळे मोजपट्टी पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींची आहे : रक्त किती, शिव्या किती, नग्नता किती, जुगार आहे का. खेळ मुलाला कशाची इच्छा करायला शिकवतो, हे त्या पट्टीवर मोजता येत नाही. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेल्या वर्षी त्यांनी 'यूए'मध्ये ७, १३ आणि १६ असे टप्पेही पाडले. व्हिडिओ गेमसाठी असं आपलं मंडळ नाही. यंदा ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. मोबाइलच्या अॅप स्टोअरमध्ये खेळाखाली वयाचा जो आकडा दिसतो, तो बनवणाऱ्यानंच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. म्हणजे निवाडा अखेर घरातच करायचा.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

भाच्याला शेजारी बसवून खेळले. मग खुर्ची त्याला दिली. मला खेळ कळून घ्यायचा होता तसा हा मुलगा खेळात काय करतो तेही बघायचं होतं.

पहिला प्रश्न : "मावशी, यात मराठे का नाहीत?" हा खेळ रोमच्या पडझडीनंतरचा काळ धरतो आणि सोळाव्या शतकाच्या आसपास थांबतो, म्हणून, असं सांगितलं. २०२२मध्ये आलेल्या भरीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आहेत, राजेंद्र चोळाची मोहीम आहे, बाबराची आहे. त्यानं बाबराला नकार दिला आणि चोळांच्या बाजूनं खेळायचं ठरवलं. गावकऱ्यांची रांग लावली, मेंढरं आणली, सगळं नीट.

मग दोन घोडेस्वार घेऊन तो शत्रूच्या गावात शिरला. शत्रूचे सैनिक समोर उभे होते, त्यांना वळसा घालून त्यानं झाडं तोडणारे गावकरी कापायला सुरुवात केली. मी विचारलं, यांना का? त्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "आधी गावकरी मारायचे. मग लाकूड नाही, अन्न नाही. शिपाई आपोआप संपतात. दादानं सांगितलंय."

दादाचं खरं आहे. चांगले खेळाडू असंच खेळतात, त्याला 'रेड' म्हणतात. गावात घंटा वाजवली की गावकरी हातातलं काम टाकून इमारतीत लपतात. जे लांब असतात ते सापडतात. खेळ याबद्दल काही दंड करत नाही, उलट हाच जिंकायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. मला रात्रभर हे टोचत राहिलं. रक्त जवळजवळ न दाखवता खेळानं मुलाला निःशस्त्र माणसं शोधून मारण्याचा हिशेब शिकवला, आणि त्या हिशेबात चूक नाही.

१९ ऑक्टोबर

अंगणात दिवाळीचा किल्ला पूर्ण झाला. माती, दगडगोटे, गोणपाट, हळीवाचं हिरवं. भाचा आणि शेजारची तीन मुलं सकाळपासून चिखलात. बुरुजांवर मावळे, दिंडीशी तोफ, सिंहासनावर महाराज. बाजारात गेलो तर पाटा-वरवंट्याशी बसलेली बाई, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणारी अशीही चित्रं मिळाली, ती मी हट्टानं घेतली. किल्ल्याच्या पायथ्याला वाडी हवीच. मुलांनी वाडी केली, पाणंद काढली, बैलगाडी ठेवली.

लढाईचं खेळणं आपण मुलांना पिढ्यान्पिढ्या देत आलो आहोत. त्याला मी कधीच विरोध करणार नाही. या किल्ल्यात समोर शत्रू मांडलेला नसतो, एवढं मात्र आज प्रथमच लक्षात आलं. किल्ला राखायचा असतो.

एच. जी. वेल्सनं १९१३मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं : शिशाचे शिपाई आणि छोट्या तोफा घेऊन घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळायची याचे नियम. खेळाचं वय त्यानं बारापासून पुढे सांगितलं होतं, पेगीच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारं. पुस्तकाच्या शेवटी त्याचं म्हणणं असं की हा खेळ तीन-चारदा खेळून बघा, म्हणजे खरं युद्ध किती अवाढव्य घोटाळा असेल याचा अंदाज येईल. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. खेळातून युद्धाबद्दल शहाणपण येतं, ही त्याची आशा मला खोटी वाटत नाही. पण ते आपोआप येत नाही, कुणीतरी शेजारी बसून विचारावं लागतं.

२० ऑक्टोबर

शेजारचा मुलगा मोबाइलवर 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळतो. हेलसिंकीच्या सुपरसेलचा, २०१२पासूनचा. पेगीचा आकडा ७. चित्रं गोंडस, रक्ताचा थेंब नाही. पण इमारत वाढवायची तर तासन्‌तास, पुढे पुढे तर दिवस दिवस थांबा, नाहीतर रत्नं खर्चा; रत्नं संपली की पैसे. तुम्ही झोपलेले असताना कुणीतरी तुमचं गाव लुटून जातं, म्हणून उठल्या उठल्या आधी फोन. सात वर्षांच्या मुलाला हे चालेल असं म्हणणारी मोजपट्टी मला मान्य नाही. भाच्यासाठी हा नको, आणि त्याचं कारण युद्ध नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दाजी काल आले. आज जेवणं झाल्यावर मुलगा त्यांना ओढत संगणकापाशी घेऊन गेला. आक्का दारात उभी. मला वाटलं ते दोन मिनिटांत उठतील. ते तासभर बसले.

काही बोलले नाहीत. मग एका लढाईत बोट ठेवून म्हणाले, "ह्याची ताकद बघ. एवढीशी राहिलीय. तरी गडी तेवढ्याच जोरानं मारतोय की." मुलगा म्हणाला, "पप्पा, मरेपर्यंत माराचा जोर सारखाच असतो." दाजी हसले नाहीत. "एका माणसाला गोळी लागली की चौघं कामाला लागतात, बाळा. उचलायला, रक्त थांबवायला, मागं न्यायला. लढाई तिथंच हळू होते." खेळात भिक्षू जखमींना बरं करतो, हे मुलानं त्यांना दाखवलं. त्यांनी ते कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "आणि हे जेवतात कधी?"

त्याला उत्तर सापडेना. खरंच, इथं शिपाई तयार करताना एकदा अन्न लागतं, पुढे शेवटपर्यंत त्याला काही लागत नाही. घोडा चरत नाही. पावसाळा नाही, चिखल नाही, रजा नाही. गावात मूल नाही, म्हातारं माणूस नाही. पन्नास अन्न दिलं की गावकरी थेट काम करण्याच्या वयाचा बाहेर येतो, म्हणून तो मेला तरी कुणाचा कुणी मरत नाही.

मी इतक्या रात्री खेळले, मला हे दिसलं नव्हतं ते दाजींना तासाभरात दिसलं. आक्काला त्यांनी उठताना एवढंच सांगितलं, "खेळू दे. पण एकट्याला नको."

२५ ऑक्टोबर

भाच्याला आज शिवाजी महाराजांचं ते पत्र वाचून दाखवलं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. नववीच्या वर्गात मी ते दरवर्षी वाचते, पाचवीच्या मुलासमोर प्रथमच. कठीण शब्द सोडवत गेलो. राजा त्यात विजयाबद्दल बोलत नाही. दाणागोटा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरा. आत्ताच उधळलंत तर घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजी ओढून आणतील. तसं झालं तर रयतेला वाटेल, यापेक्षा मोगल बरे. जे हवं ते बाजारातून विकत आणा. आणि रात्री दिवे विझवा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी पागा बुडेल.

उंदरावर तो खूश झाला. राजाला उंदराची काळजी! मग गप्प बसून म्हणाला, "म्हणजे खरे शिपाई जेवतात."

संध्याकाळी खेळताना त्यानं स्वतःच नियम केला : दहा शिपायांमागे एक नवं शेत, आणि शेतावर माणूस ठेवायचाच. खेळाला या नियमाची गरज नाही. सैन्य लहान राहिलं, तो हरला, चिडला. पण दुसऱ्या डावात त्यानं नियम मोडला नाही, शेतांभोवती कुसू घातलं. शत्रूच्या गावकऱ्यांचं काय, असं मी विचारलं नाही. एका दिवसाला इतकं पुरे.

२६ ऑक्टोबर

दाजींच्या गावी गेलो. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची पाटी आहे तशी इथंही चावडीच्या भिंतीत आहे : या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. नावं नाहीत, दोनच आकडे. दाजी दरवेळी तिथं थांबतात. भाचा पाटी वाचून म्हणाला, "खेळ संपल्यावर पण असंच येतं, मावशी. किती मारले, किती गमावले." दाजींनी त्याला बखोटीला धरून जवळ घेतलं आणि वाटेत एकेका घराकडे बोट दाखवत, कुठल्या घरातला कोण कुठं गेला होता त्याबद्दल म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. बसराचं नाव ऐकून तो म्हणाला, आजच नकाशात बघू.

२८ ऑक्टोबर

दुसऱ्या टोकाचा खेळ पाहायचा म्हणून 'धिस वॉर ऑफ माइन' खेळले. वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजचा, २०१४चा. यात तुम्ही सैनिक नसताच. वेढा पडलेल्या शहरात, अर्ध्या पडलेल्या घरात काही साधी माणसं आणि त्यांची काळजी तुमच्याकडे. शहराचं नाव काल्पनिक आहे, पण मागे सारायेव्हो आहे. १९९२ ते १९९६, जवळजवळ चार वर्षं चाललेला वेढा. दिवसा बाहेर पडलं तर नेमबाज टिपतात. रात्री एकानं जाऊन औषध, लाकूड, डबाबंद अन्न शोधून आणायचं. मी एका घरात शिरले तर तिथं एक म्हातारं जोडपं. त्यांच्या सामानाला हात लावला असता तर त्यांनी अडवलं नसतं, अडवण्याइतकं बळच त्यांच्यात नव्हतं. मी तशीच परत फिरले. माझ्या घरातला आजारी माणूस दोन दिवसांनी गेला. जे उरले ते कुणाशी बोलेनात.

खेळ बंद केला आणि बराच वेळ झोप आली नाही. युद्धाबद्दल याहून खरं मी पडद्यावर काही पाहिलेलं नाही. पोलंडनं २०२०मध्ये हा खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला, पण १८ पूर्ण झालेल्यांसाठीच. त्यांचं बरोबर आहे, दहाव्या वर्षी हा भार नको. पण आकड्यांची उतरंड पाहिली की जीव अस्वस्थ होतो : युद्ध गोड केलं की ७, स्वच्छ केलं की १२, खरं दाखवलं की १८. सातव्या ते अठराव्या वर्षापर्यंत मूल युद्धाचं जे चित्र मनात बांधतं, त्यात भूक आणि म्हातारी माणसं येणारच नाहीत, अशी सोय आपण मोठ्यांनीच करून ठेवली आहे. ती रिकामी जागा कुणीतरी भरायला हवी.

१ नोव्हेंबर, शनिवार

आक्काची धास्ती वेगळी होती, ती आज बोलली : "मुलगा हिंसक तर होणार नाही ना?" तिला खरं ते सांगितलं. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांकडे आणि त्यांच्या पालकांकडे विचारपूस केली. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांत त्यांना संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२०मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला आधार नाही. त्यामुळे हा मुलगा उद्या कुणाला मारेल अशी भीती मला नाही. मला भीती आहे ती ही, की मोठेपणी बातमीत वेढ्याखालचं शहर दिसलं तर त्याला आधी तोफा दिसतील, माणसं नंतर.

म्हणून माझा निवाडा असा : खेळ द्यावा. ऑनलाइन नको, अनोळखी माणसांशी खेळणं, त्यांच्या शिव्या आणि त्यांची घाई, हे आठवीनंतर पुन्हा बघू. नुसत्या खुल्या लढाया कमी, गोष्टीच्या मोहिमा जास्त, कारण तिथं निदान कुणाचं तरी नाव असतं आणि जोन ऑफ आर्कचं शेवटी काय झालं हे मुलाला विचारावंसं वाटतं. शनिवार-रविवार, आणि शेजारी मोठं माणूस. आक्का म्हणाली, "मला यातलं काय कळतंय?" मी म्हटलं, तुला कळायला नको, तू फक्त विचार : हे जेवतात कधी, हे राहतात कुठं, हा मेला तर घरी कोण आहे. दाजी सोमवारी परत ड्युटीवर जातायत, तेव्हा शनिवार माझ्याकडे.

२ नोव्हेंबर

भाच्यानं पुढची मोहीम निवडली आहे : सलादीन. पुढच्या शनिवारी सुरू करायची. त्यात जेरुसलेम येणार, तेव्हा आजपासून वाचायला घेतलं. ११८७च्या ऑक्टोबरात शहर शरण आलं तेव्हा सलादीननं कत्तल होऊ दिली नाही. त्याच्या ८८ वर्षं आधी क्रुसेडवाल्यांनी तिथं जी कत्तल केली होती तिची परतफेड केली नाही. हे त्याला नक्की सांगायचं. सुटकेचा दर ठरला होता, पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच. काही गरिबांसाठी पैसे गोळा झाले, काहींना सलादीननं आणि त्याच्या भावानं फुकट सोडलं. तरीही हजारो लोकांकडे दिनार नव्हते, आणि ते गुलाम म्हणून विकले गेले. मुलं धरून.

तो विचारणार आहे. पैसे नसलेल्यांचं काय झालं, हा प्रश्न आता तो विचारल्याशिवाय राहणार नाही. दहाव्या वर्षी त्याला त्यातलं किती सांगायचं, ते शनिवारपर्यंत ठरवायचं आहे. उद्या दाजी निघण्याआधी त्यांनाही विचारीन.